मुकादमाची बाकी, गटाचा हप्ता आणि नोकरीचं डिपॉझिट

प्रश्न : आम्ही नवरा-बायको बीडहून ऊसतोडीला जातो. गेल्या हंगामात आजारपणामुळे मुकादमाची, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ घेतलेले पैसे) फिटली नाही, साठ हजार अंगावर फिरले. आता पुण्यात बांधकामावर काम मिळतंय. पण मुकादम म्हणतो, बाकी फिटेपर्यंत माझ्याच टोळीत यायचं. त्याच्याकडे आमच्या दोघांचे सह्या केलेले कोरे चेक आहेत.

पुण्याला जा. तो पैसे मागू शकतो, तुम्ही कुठं राबायचं हे ठरवू शकत नाही. आगाऊ पैशापायी दुसरीकडे काम करायची मोकळीक गेली, तर १९७६ च्या कायद्यानं ती वेठबिगारी होते. तसं ठरलं तर बाकीच संपते. शिवाय हे कर्ज वेठबिगारीचं नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी मुकादमावर असते. निघण्याआधी तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मुकादम बहुधा गावातला, नाहीतर भावकीतला असतो. त्यामुळे हे बोलण्याइतकं सोपं नाही, मला ठाऊक आहे. निदान किती टन तोडला, किती पैसे वळते झाले, हा हिशेब त्याच्याकडून कागदावर मागा. पुष्कळदा बाकी तिथंच कमी होते.

चेकचं मात्र हलक्यात घेऊ नका. चेक वटला नाही म्हणून नोटीस आली, तर ती मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवसांची मुदत असते. लगेच तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे जा. महिलांना तिथं वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो.

पुण्यात वर्षभरात ९० दिवस काम भरलं की ठेकेदाराचा दाखला घेऊन बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करा.

प्रश्न : इचलकरंजीत यंत्रमाग बंद झाल्यानं नवरा घरी आहे. बायकांच्या गटातून दोन मायक्रोफायनान्स कंपन्यांकडून छोटी कर्जं घेतली, त्यांचे हप्ते थकलेत. वसुलीवाला रात्री आठला दारात बसतो, भांडी जप्त करीन म्हणतो. मी धुणीभांडी करते त्या घरीही तो जाऊन आला.

रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार या कर्जाची वसुली सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर करता येत नाही. नातेवाइकांना, सोबत काम करणाऱ्यांना त्रास देता येत नाही. जप्ती कोर्टाच्या हुकुमाशिवाय होत नाही, आणि स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं कोर्टही जप्त करत नाही. तारीख-वेळ लिहून कंपनीकडे तक्रार करा. ३० दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा, फी नाही.

कर्ज यानं माफ होत नाही. झेपेल तेवढा हप्ता लेखी मागून घ्या, पण तो भागवायला तिसरं कर्ज काढू नका. गटातल्या बायका आग्रह करतील, कारण हप्ता चुकला की बोलणी त्यांनाही बसतात.

प्रश्न : मुंबई विमानतळावर नोकरी लागली म्हणून फोन आला. गणवेशाचे अडीच हजार आधी भरायचे आहेत. उसने घेऊ का?

नको. पगार द्यायच्या आधी जो पैसे मागतो, त्याच्याकडे नोकरी नसते. भरले असतील तर आत्ताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. नोकरी शोधायला सरकारच्या महास्वयं पोर्टलवर नोंदणी फुकट आहे.