वेलांटी आधी की अक्षर आधी?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

टाइपरायटरविषयी आलेल्या पत्रांचे सरळ दोन गट पडले. काहींना माळ्यावरचे यंत्र पुन्हा चालू करायचे आहे. काहींना त्या यंत्राच्या सवयी आज संगणकावर नडतात. दुसऱ्या गटाचे प्रश्न जास्त गुंतागुंतीचे आहेत, म्हणून ते आधी घेतले आहेत.

प्रश्न : टायपिंग क्लासमध्ये रेमिंग्टन पद्धतीने मराठी शिकले, मिनिटाला ४० शब्दांची परीक्षाही पास झाले. आता ऑफिसात युनिकोड (संगणकावर अक्षरे साठवण्याची सामाईक पद्धत) सक्तीचे आहे. ‘किती’ टाइप केले की आधी ठिपक्यांच्या गोलावर एकटीच वेलांटी उमटते आणि पुढे ‘कती’ येते. चूक बोटांची की संगणकाची? (मिरज)

चूक कोणाचीच नाही. दोघांचे क्रम वेगळे आहेत, एवढेच. कागदावर डावीकडून उजवीकडे जे दिसते, ते टाइपरायटर त्याच क्रमाने उमटवतो. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे दिसते, म्हणून ती आधी मारायची. ‘कि’ हे एक अक्षर आहे याची यंत्राला खबर नसते. त्याला कॅरेज, म्हणजे कागद धरणारा सरकता भाग, एक घर सरकवता येते, बस्स. युनिकोड मात्र उच्चाराच्या क्रमाने साठवतो : आधी क, मग वेलांटी. ती डावीकडे नेऊन दाखवणे हे पुढचे काम, ते फॉन्ट आणि संगणकाची प्रणाली मिळून करतात. रफाराचेही तसेच. ‘कर्म’ लिहिताना यंत्रावर क, म आणि शेवटी रफार. युनिकोडमध्ये क, र, हलन्त, म.

आणखी एक गोष्ट बोटांत बसलेली असते. यंत्राला फार तर ४६ कळा, म्हणजे शिफ्टसह ९२ चिन्हे. पूर्ण अक्षरे, अर्धी अक्षरे, काना-मात्रा आणि अंक एवढ्यात मावत नाहीत. म्हणून ख, घ, थ, ध, भ, श, ष, ण यांसारख्या अक्षरांचे अर्धे रूपच कळेवर ठेवले आणि पूर्ण अक्षर हवे असेल तर त्याला काना जोडायचा, अशी तोड काढली. ‘भाषा’ हा शब्द यंत्रावर सहा ठोक्यांचा : अर्धा भ, काना, काना, अर्धा ष, काना, काना. युनिकोडमध्ये चारच : भ, काना, ष, काना. त्यामुळे तुमची बोटे सवयीने जादा काना मारतात.

वाटा दोन आहेत. रेमिंग्टन मांडणीवर युनिकोड देणारी इनपुट साधने मिळतात. ती वेलांटी धरून ठेवतात आणि अक्षर आले की क्रम उलटवतात. साधन घेण्याआधी त्यावर ‘स्थिती’, ‘वार्षिक’, ‘दुसऱ्या’, ‘कर्तृत्व’ हे चार शब्द टाइप करून पाहा. जोडाक्षराआधीची वेलांटी आणि रफार इथेच गोंधळ होतो. चारांपैकी एकही शब्द बिघडला तर ते साधन सोडून द्या. बॅकस्पेसही जपून वापरा. पडद्यावर एक अक्षर दिसले तरी आत तीन-चार चिन्हे असू शकतात आणि बॅकस्पेस त्यातले शेवटचेच खोडते.

दुसरी वाट इनस्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीची. त्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला, हलन्त इंग्रजी डीच्या कळेवर, आणि सगळे उच्चाराच्या क्रमाने. गंमत अशी की कृतिदेव या जुन्या, रेमिंग्टन मांडणीच्या फॉन्टवर हात बसलेल्यांना ऱ्हस्व वेलांटी इथेही एफच्याच कळेवर सापडते आणि र जेच्याच कळेवर. बदलते ती वेलांटी मारायची वेळ.

तुमचा हात ४० वर चालतो आहे, तेव्हा तो मोडू नका, रेमिंग्टनवरच राहा. घरातले कोणी आज नव्याने शिकत असेल तर त्याला मात्र सरळ इनस्क्रिप्ट शिकवा. ९२ चिन्हांची अडचण संगणकाला नाही, ती नव्या माणसाच्या बोटांवर लादण्यात अर्थ नाही.

प्रश्न : संस्थेची वीस वर्षांची इतिवृत्ते कृतिदेवमध्ये आहेत. दुसऱ्या संगणकावर उघडली की इंग्रजी अक्षरांची गिचमिड दिसते. सगळे पुन्हा टाइप करावे लागेल का? (सोलापूर)

नाही. मात्र फाइलमध्ये काय आहे ते आधी समजून घ्या. त्यात मराठी नाहीच. ‘किती’ हा शब्द तिथे एफ, डी, आर, एच अशा चार इंग्रजी अक्षरांच्या रूपात साठवलेला आहे. कृतिदेव फॉन्ट त्या अक्षरांवर मराठी चित्रे चढवतो. टाइपरायटरच्या टाइपबारवर, म्हणजे कागदावर आपटणाऱ्या दांड्यावर, ठसा असावा, तसे. फॉन्ट गेला की मुखवटा गळतो.

रूपांतरक, म्हणजे जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये आणणारे साधन, वापरून रूपांतर असे करा. मूळ फाइलींची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तिला हात लावू नका. मजकुराचा एक परिच्छेद निवडून फॉन्टचे नाव अचूक नोंदवा. एकाच फाइलीत दोन-तीन फॉन्ट असतात, मथळ्यांत हमखास. प्रत्येक जुन्या फॉन्टची चिन्हमांडणी वेगळी असल्याने रूपांतरकाला नेमके नाव सांगावे लागते. कृतिदेवचा मजकूर सुरेख या दुसऱ्या फॉन्टचा म्हणून दिला तर कचराच बाहेर येईल. आधी एकच पान रूपांतरित करा आणि मूळ छापील प्रतीशी शब्दन् शब्द ताडून पाहा. चुका ठरलेल्या जागी सापडतात : ऱ्हस्व वेलांटी, रफार, ‘ऱ्य’, ‘ळ’, अर्धा श, अंक आणि अवतरणचिन्हे. एक पान निर्दोष निघाले की मग बाकीची.

तक्ते आणि मध्येच येणारे इंग्रजी शब्द हाताने करावे लागतात. खरे इंग्रजी कोणते आणि मुखवट्यातले कोणते हे रूपांतरकाला कळत नाही, आणि सभासदाच्या नावापुढची इंग्रजी आद्याक्षरेही तो मराठी करून टाकतो.

प्रश्न : ‘दुसऱ्या’ हा शब्द डोळ्यांना दिसतो, पण शोध दिल्यावर सापडत नाही. (नागपूर)

अर्धा र दोन प्रकारे लिहिला गेला आहे. काही साधने ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त देतात. काही साधने साधा र, हलन्त आणि पुढे न दिसणारे जोडचिन्ह घालतात. दिसायला सारखे, संगणकाच्या लेखी निराळे. यंत्रावर हा ठसा एका कळेवर होता, म्हणून हा प्रश्नच नव्हता. कार्यालयाने एक पद्धत ठरवावी आणि ‘शोधा व बदला’ वापरून जुन्या फाइली तिच्यात आणाव्यात. आमचा कौल ऱ आणि हलन्त या जोडीला. इनस्क्रिप्टमध्ये ऱ शिफ्टसह जेच्या कळेवर आहे, आणि न दिसणारे चिन्ह मजकूर इकडून तिकडे नेताना कधी गळते ते कळतही नाही.

प्रश्न : वडिलांचा गोदरेजचा टाइपरायटर पंधरा वर्षे बंद आहे. कळा दाबल्या की वर जातात पण परत येत नाहीत, आणि कॅरेज हलत नाही. तेल घातले, तर आणखी बिघडले. (चिपळूण)

तेलानेच घात केला. टाइपबार ज्या अर्धगोल खाचांच्या पट्टीत बसतात तिला सेगमेंट म्हणतात. तिथे तेल चालत नाही. तेल धूळ धरते, तिचा चिकट थर होतो आणि बार खाचेत अडकतात. फवाऱ्याचे गंजरोधक तेलही तिथे नको. ते आज सैल करते आणि काही दिवसांनी घट्ट.

साफसफाई अशी. रिबन काढा, यंत्राखाली जुनी वर्तमानपत्रे घाला. आधी मऊ ब्रशने कोरडी धूळ काढा, नाहीतर स्पिरिट पडताच तिचा चिखल होतो. मग जुन्या टूथब्रशने सेगमेंटच्या खाचांत आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा साधे स्पिरिट लावा, एका वेळी चमचाभर पुरे. चार-पाच बार एकदम न घेता एकेक बार वर-खाली करत राहा. दहा मिनिटे वाळू द्या आणि पुन्हा करा. जुन्या तेलाचा थर तीन-चार फेऱ्यांत सुटतो. स्पिरिट रंगावर, अक्षरे छापलेल्या कळांवर आणि रबरी रोलरवर सांडू देऊ नका. खिडकी उघडी ठेवा आणि देवघरातली समई लांब ठेवा.

आता कॅरेज. क्रमाने तपासा, कारण बहुतेक वेळा दोष पहिल्या दोन गोष्टींतच निघतो. प्रवासासाठीचे कॅरेज लॉक लागलेले आहे का? डावा-उजवा मार्जिन स्टॉप एकमेकांना चिकटले आहेत का? ते ठीक असेल तर मागच्या बाजूला पाहा. कॅरेजला ओढणारा पट्टा स्प्रिंगच्या डब्यावर गुंडाळलेला असतो आणि त्याचे टोक कॅरेजच्या कडेला अडकवलेले असते. ते सुटले किंवा तुटले असेल तर कळ दाबून कॅरेज जागचे हलणार नाही. पट्टा पुन्हा अडकवताना डबा तीन-चार फेरे फिरवून ताण द्यावा लागतो. हात सुटला तर स्प्रिंग झटक्यात उलगडते, पट्टा तोडते आणि बोटही कापते, म्हणून हे काम दोघांनी करा. ताण किती? ओळीच्या शेवटच्या घरापर्यंत कॅरेज न रेंगाळता जाईल इतकाच. जास्त दिला तर कॅरेज घरे गाळत उडते.

तेल घालायचेच तर शिलाई मशीनचे, आणि तेही कॅरेजच्या रुळांवर सुईच्या टोकाने दोन-दोन थेंब. कोकणातल्या हवेत यंत्राला प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका. आतला ओलावा बाहेर पडत नाही आणि टाइपबारवर गंज चढतो. सुती कापडाने झाका.

जाता जाता : गोदरेजने भारतीय बनावटीचा टाइपरायटर १९५५ मध्ये आणला. त्याचे उत्पादन थांबून बरीच वर्षे झाली. नवे सुटे भाग मिळत नाहीत, दुरुस्ती करणारे ते बंद पडलेल्या यंत्रांतून काढतात. म्हणून भंगारात निघालेले त्याच मॉडेलचे दुसरे यंत्र दिसले तर घेऊन ठेवा.

प्रश्न : नवी रिबन घातली, तरी कागदावर काहीच उमटत नाही. दुसऱ्या यंत्रावर उमटते पण ‘o’ च्या जागी कागदाला भोक पडते. (ठाणे)

पहिल्या यंत्राची रंग निवडणारी कळ पाहा. काळा, लाल आणि पांढरा अशा खुणा असतात. पांढरी खूण स्टेन्सिलची. सायक्लोस्टाइलचा (प्रती काढण्याच्या जुन्या यंत्राचा) स्टेन्सिल कापताना रिबन मध्ये येऊ नये म्हणून या खुणेवर ती वर उचललीच जात नाही. कळ काळ्यावर आणा. रिबन अर्धा इंच रुंदीची घ्या, आणि तिच्या दोन्ही टोकांजवळ धातूची बारीक कडी आहे का ते पाहून घ्या. बऱ्याच यंत्रांत त्या कडीवरच रिबनची दिशा उलटते. कडी नसेल तर रिबन शेवटाला ताणून बसते आणि एकाच जागी ठोके खाऊन फाटते.

दुसऱ्या यंत्राचा रोलर दगड झाला आहे. वर्षांनुवर्षांत रबर कडक होते. तात्पुरता उपाय म्हणजे कागदामागे आणखी एक जाड कागद. कायमचा उपाय म्हणजे रोलरवर नवे रबर चढवून घेणे. कारागिराला रोलरचा मूळचा बाहेरचा व्यास मोजून द्या. तो मिलिमीटरभर जरी बदलला तरी ओळींतले अंतर बिघडते आणि ठसा नीट बसत नाही. जमलेली शाई सुईने खरवडू नका, ठशाच्या कडा जातात. ताठ ब्रश आणि स्पिरिट पुरे.

प्रश्न : आजोबांचे टाइप केलेले इंग्रजी कागद स्कॅन करून मजकुरात आणले. तारखा आणि रकमा चुकीच्या का येतात? (पणजी)

पुष्कळ इंग्रजी यंत्रांवर १ ची कळच नसते, छोटा ‘एल’ वापरत. शून्याच्या जागी मोठा ‘ओ’ही चाले. उद्गारचिन्ह नसेल तर वरचा स्वल्प मारून, बॅकस्पेस करून, खाली पूर्णविराम. स्कॅनमधली अक्षरे ओळखणाऱ्या प्रणालीला ते ‘एल’च दिसते, आणि ती खोटे बोलत नाही. सगळ्या आकड्यांची तपासणी हातानेच करा. मूळ प्रतीला ३०० डीपीआय पुरते, पुसट कार्बन प्रतीला ४०० ते ६०० ठेवा, आणि दोन्ही वेळा करड्या छटांत स्कॅन करा. नुसत्या काळ्या-पांढऱ्यात पुसट अक्षरांचे तुकडे होतात.

प्रश्न : टाइपरायटरसारखे पान संगणकावर हवे आहे. कोणता फॉन्ट, किती ओळी? (पुणे)

इंग्रजीसाठी कुरिअर, १२ पॉइंट. हा फॉन्ट आयबीएमच्या टाइपरायटरसाठी १९५० च्या दशकात काढलेला. त्यात प्रत्येक अक्षराची रुंदी सारखी, आणि १२ पॉइंटला इंचात बरोबर १० अक्षरे बसतात, पायका मापाच्या यंत्रासारखी. एलीट मापाच्या यंत्रावर इंचात १२. ए-४ कागद सव्वाआठ इंचांहून किंचित रुंद, म्हणजे आडवी ८२ घरे. डावीकडे दीड इंच आणि उजवीकडे अर्धा इंच सोडला की ६२ उरतात. इंचाला ६ ओळी धरल्या तर उभ्या ७० ओळी. वर-खाली एकेक इंच सोडून ५८, आणि दुहेरी अंतर ठेवले की २९.

प्रश्न : इंग्रजी कळांची क्वर्टी मांडणी टायपिस्टचा वेग कमी करण्यासाठी केली, हे खरे का? (वाचक, बंगळूर)

ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, पण पटत नाही. इंग्रजीत ‘ई’ आणि ‘आर’ सारखे शेजारी येतात. वेग रोखायचा असता किंवा शेजारचे बार अडकू द्यायचे नसते, तर या दोन कळा शेजारी कोणी ठेवल्या असत्या? ही मांडणी ज्यांच्या यंत्रातून आली त्या शोल्स यांच्या टाइपरायटरचे पेटंट १८६८ चे, रेमिंग्टनने ते १८७४ मध्ये विक्रीला आणले, आणि मांडणी त्या वर्षांत पुन्हा पुन्हा बदलत गेली. क्योटो विद्यापीठातल्या संशोधकांचे म्हणणे असे की, तारेचे संदेश उतरवून घेणाऱ्यांच्या सोयीचाही तिच्यात वाटा होता.

प्रश्न : दुसरीकडून आलेली टेक्स्ट फाइल नोटपॅडमध्ये एका लांबलचक ओळीत का उघडते? (लातूर)

तुमची विंडोज जुनी असणार. टाइपरायटरचा दांडा ओढला की दोन कामे होतात : कॅरेज डावीकडच्या मार्जिनवर परत येते आणि रोलर एक ओळ फिरतो. टेलिप्रिंटरमध्ये या दोन कामांना दोन वेगळे संकेत दिले गेले आणि तेच संगणकात आले, १३ क्रमांकाचा ‘कॅरेज रिटर्न’ आणि १० क्रमांकाचा ‘लाइन फीड’. विंडोज ओळ संपताना दोन्ही लिहिते, लिनक्स फक्त १० लिहितो. जुने नोटपॅड जोडीच शोधत बसे आणि नुसता १० आला तर ओळ तोडत नसे. २०१८ नंतरच्या नोटपॅडला ते जमते. तोवर फाइल वर्डपॅडमध्ये उघडून सेव्ह करा.