रिस्टोर चालतंय, पण थोड्या वेळाने सदस्यता गायब का होते?

नागपुरातून एमपीएससी सरावाचं ॲप बनवताय आणि चाचणी करताना ‘रिस्टोर’ (जुनी खरेदी परत आणणारं बटण) दाबून मिळालेली मासिक सदस्यता तासाभराने गायब होते, हा बहुतेक बग नाहीच. ॲपलच्या सँडबॉक्समध्ये, म्हणजे खरे पैसे न जाता खरेदी तपासायच्या चाचणी-व्यवस्थेत, एक महिना मुळातच 5 मिनिटांचा असतो आणि 12 नूतनीकरणांनंतर सदस्यता आपोआप बंद पडते. धरमपेठेत तर्री-पोहे खाऊन येईस्तोवर वर्ष उलटलेलं असतं. वेळ हवा असेल तर ॲप स्टोअर कनेक्टमध्ये (ॲपलच्या डेव्हलपरांसाठीच्या साइटवर) त्या चाचणी-खात्याचा नूतनीकरणाचा वेग कमी करा. गुगल प्लेवर लायसन्स टेस्टरसाठीही (तिथल्या चाचणी-खात्यासाठी) महिना 5 मिनिटांचाच, पण नूतनीकरणं फक्त 6.

खरी चाचणी अशी: खरेदी करा, ॲप काढून टाका, पुन्हा टाका, मग रिस्टोर. ॲप न काढता केलेली चाचणी मी धरतच नाही, कारण फोनमध्ये साठलेला जुना ‘प्रीमियम’ फ्लॅगच (सदस्यता आहे अशी खूण) हिरवा दिवा दाखवतो. मग हीच चाचणी सदस्यतेची मुदत संपलेल्या खात्याने करा. इथेच भलेभले अडकतात: जुना व्यवहार सापडला की ॲप सरळ कुलूप उघडतं, मुदत बघतच नाही. कधीच खरेदी न केलेल्या खात्यालाही ‘खरेदी सापडली नाही’ असं स्पष्ट दिसायला हवं, नुसतं फिरणारं चक्र नको.