राक्षस मेला, पण बक्षीस कोण देणार?

भाऊ, तुझ्या राक्षस-जादूच्या कथेची पहिली तीन प्रकरणं काल रात्री एका बैठकीत वाचली. लढाई झकास जमलीय. पण दलदलीतला राक्षस मेला की शिकारी संघाच्या खिडकीवर लगेच पाचशे मोहरा हातात पडतात, तिथं माझं मन अडलं.

पैसा कोणाचा, आणि मेल्याचा पुरावा काय, हे आधी ठरव. आपल्या इथलंच घे ना. 1861 मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी झालं. त्या काळात इंग्रज सरकार वाघ, बिबट, लांडगा मारणाऱ्याला इनाम द्यायचं, पण कातडं नाहीतर मुंडकं नेऊन दाखवावं लागे. तुझा राक्षस तर मेल्यावर धूर होऊन उडून जातो! मग नायक दाखवणार काय? तिथं एक अख्खं प्रकरण दडलंय बघ, ते सोडू नको.

संघ आपला वाटा कापतो तेही येऊ दे. एकदा सकाळी नागपूरच्या कळमना मार्केटला संत्र्याच्या लिलावाला जा. ढिगाशी उभा शेतकरी एक शब्द बोलत नाही, नजर मात्र बोली लावणाऱ्याच्या तोंडावरून हलत नाही. तुझा शिकारी खिडकीपाशी तसाच उभा कर.

जादूबद्दल एवढंच, मंत्र फुकटचा नको. माझ्या पहिल्या कथेत मी जादूगाराला इतकं बळ दिलं की दुसऱ्या प्रकरणात भीतीच संपली. ती कथा अजून अर्धवट पडून आहे.

तिसरं प्रकरण दुरुस्त झालं की पाठव, मी वाट बघतो.