४-८च्या हंगामानंतर काय बघायचं

प्रिय लेकी,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेल आणि सोबतचा मसुदा, दोन्ही वाचले. तुमचा कॉलेजचा अमेरिकन फुटबॉल संघ ४-८वर, म्हणजे चार विजय आणि आठ पराभवांवर, संपला, मुख्य कोच टिकले, आणि आता त्यांनी तुम्हा विश्लेषण विभागातल्या विद्यार्थ्यांना एकच प्रश्न टाकलाय: पुढच्या हंगामात आपण वर येऊ का, आणि आलो तर कशाच्या जोरावर? तुझं उत्तर असं की आठपैकी सहा पराभव आठ गुणांच्या आतले आहेत, म्हणजे नशीब आडवं आलं. नशीब पुन्हा सरासरीकडे येतंच, म्हणून पुढच्या वर्षी सात-आठ विजय ठरलेले. आकडेमोड कुठेही चुकलेली नाही. तरीही हा मसुदा कोचच्या टेबलावर ठेवू नकोस, अजून एक आठवडा घे.

कारण सांगतो. तू कोल्हापूरची, शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल बघत वाढलेली. हा अंडाकृती चेंडूचा खेळ तुला इथे येऊन शिकावा लागला, आणि तो तू फार लवकर आत्मसात केलास. पण आकड्यांवरून शिकलीस, हे मसुद्यात दिसतं. अटीतटीचे पराभव दोन जातीचे असतात आणि गुणफलकावर ते सारखेच दिसतात. दोन खरे हंगाम शेजारी ठेवून बघ.

पहिला नोटर डेम विद्यापीठाचा, २०१६चा. तोही ४-८. टेक्ससकडून दोन जादा डाव खेळून ४७-५०, ड्यूककडून ३५-३८, नेव्हीकडून २७-२८, व्हर्जिनिया टेककडून ३१-३४. आठपैकी सात पराभव आठ किंवा त्याहून कमी गुणांचे, म्हणजे एका ताब्यात, चेंडू एकदा हाती आल्यावर, भरून निघण्याइतके. मुख्य कोच ब्रायन केली यांना विद्यापीठाने ठेवलं. २०१७मध्ये संघ १०-३ झाला आणि २०१८चा नियमित हंगाम एकही सामना न हरता संपवून राष्ट्रीय विजेतेपदाच्या प्लेऑफला गेला.

दुसरा नेब्रास्काचा, २०२१चा. ३-९, आणि नऊच्या नऊ पराभव नऊ किंवा त्याहून कमी गुणांचे. अख्ख्या हंगामात त्यांनी प्रतिस्पर्ध्यांपेक्षा जास्त गुण केले होते! कागदावर हा संघ नोटर डेमहूनही कमनशिबी. इथेही मुख्य कोच स्कॉट फ्रॉस्ट यांना ठेवलं. चार साहाय्यक कोच बदलले, आक्रमणाला नवा कोऑर्डिनेटर, म्हणजे त्या विभागाचा प्रमुख कोच, आला, टेक्ससहून नवा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, आला. तुझ्या मसुद्याच्या हिशेबाने २०२२ हे त्यांचं वर्ष व्हायला हवं होतं. डब्लिनला पहिलाच सामना नॉर्थवेस्टर्नशी होता. तिसऱ्या सत्रात २८-१७ अशी आघाडी असताना फ्रॉस्टनी ऑनसाइड किक, म्हणजे चेंडू आपल्यालाच परत मिळावा म्हणून मुद्दाम आखूड किक, मारायला लावली. चेंडू नॉर्थवेस्टर्नला मिळाला आणि सामना २८-३१ असा गेला. दोन आठवड्यांनी घरच्या मैदानावर जॉर्जिया सदर्नकडून ४२-४५. दुसऱ्याच दिवशी फ्रॉस्टची नोकरी गेली. हंगाम ४-८.

आता तू विचारशील, हे आधी कळलं असतं का? बरंचसं कळलं असतं. नेब्रास्कात एका ताब्याच्या फरकाने संपलेल्या सामन्यांतली फ्रॉस्टची कामगिरी २०२१ संपताना ५-२० होती. नाणं २५ वेळा उडवून पाच किंवा त्याहून कमी छापे पडण्याची शक्यता हजारात दोनच्या आसपास येते, स्वतः करून बघ. अर्थात १३०च्या वर संघ आहेत, त्यांतल्या एखाद्याच्या वाट्याला इतका दैवदुर्विलास निव्वळ योगायोगानेही येऊ शकतो, हा तुझा आक्षेप मला आत्ताच ऐकू येतोय, आणि तो बरोबर आहे. म्हणूनच आकड्यापाशी थांबायचं नाही, फिल्म लावायची.

२५ सप्टेंबर २०२१चा मिशिगन स्टेटविरुद्धचा सामना लाव. नेब्रास्काच्या बचावाने त्या दिवशी दुसऱ्या अर्ध्यात मिशिगन स्टेटला एकही फर्स्ट डाउन, म्हणजे दहा यार्ड पुढे सरकून मिळणारी नवी संधी, घेऊ दिलेला नव्हता. स्कोअर २०-१३, चार मिनिटंही उरलेली नाहीत, आणि नेब्रास्का पंट करतोय, म्हणजे लाथेने चेंडू लांब मारून समोरच्या संघाला देतोय. आता चेंडूकडे बघू नकोस, धावणाऱ्यांकडे बघ. सगळी फळी एका बाजूला धावतेय, कारण ठरल्याप्रमाणे चेंडू तिकडे यायचा आहे, आणि पंटर तो मारतो दुसऱ्या बाजूला. मिशिगन स्टेटचा जेडन रीड तो रिकाम्या मैदानात झेलतो आणि ६२ यार्ड पळून टचडाउन करतो. बरोबरी, मग जादा डाव, मग २०-२३. याला नशीब म्हणायचं? मग ओक्लाहोमाविरुद्धचा सामना लाव, तिथे टचडाउननंतरची किक अडवून ओक्लाहोमाने उलट दोन गुण केले. मग आयोवा. एकदा २१-६ अशी आघाडी होती, पण चौथ्या सत्रात पंट अडवला गेला, त्यावरच टचडाउन झालं आणि सामना २१-२८ असा हातून गेला. तीन संघ, तीन मैदानं, आणि तीनही वेळा घात झाला तो किकच्या डावात. ही सवय होती, आणि सवय सरासरीकडे जात नाही, कोणीतरी मोडावी लागते. त्यांनी बहुतेक बदल आक्रमणात केले.

नोटर डेमने काय केलं ते याच नजरेने बघ. २०१६मध्ये त्यांचा बचाव इतका ढासळला होता की चार सामन्यांनंतरच बचावाच्या कोऑर्डिनेटरला काढावं लागलं. हंगाम संपल्यावर वेक फॉरेस्टहून माइक एल्को यांना आणलं, आक्रमणालाही नवा कोऑर्डिनेटर दिला. आणि मला सर्वात महत्त्वाचं वाटतं ते हे की ताकदीच्या व्यायामाचे प्रमुखही बदलले. चौथ्या सत्रात मांड्या भरून आल्यावर जो संघ हरतो, त्याचं औषध फेब्रुवारीतल्या पहाटेच्या व्यायामशाळेत असतं. ते औषध बॉक्स स्कोअरमध्ये, सामन्याच्या आकडेवारीत, दिसत नाही, म्हणून विश्लेषक त्याकडे बघत नाहीत. तू बघ.

दुसरं, क्वेंटन नेल्सन आणि माइक मॅकग्लिंची या दोघांनी एनएफएलला, म्हणजे व्यावसायिक लीगला, थांबवून आणखी एक वर्ष कॉलेजात राहायचं ठरवलं. दोघेही ऑफेन्सिव्ह लाइनचे, म्हणजे ज्यांच्या हातात चेंडू कधी येत नाही असे. क्वार्टरबॅक मात्र गेला होता. वर्तमानपत्रं त्या गेलेल्या क्वार्टरबॅकबद्दल लिहीत राहिली आणि इकडे २०१७मध्ये त्या लाइनला देशातल्या सर्वोत्तम लाइनचं जो मूर पारितोषिक मिळालं. पुढच्या एप्रिलमध्ये एनएफएलच्या खेळाडू-निवडीत नेल्सन सहावा निवडला गेला, मॅकग्लिंची नववा. तुझ्या मसुद्यात क्वार्टरबॅकवर दीड पान आहे आणि लाइनवर दोन ओळी. ते प्रमाण उलटं कर असं म्हणत नाही, पण लाइनच्या पाच जणांपैकी कोण परत येतंय, किती सामने एकत्र खेळलेत, दुखापतीतून कोण उठतंय, एवढं तरी नावानिशी लिही.

नशीब मुळीच नसतं असंही समजू नकोस. हातातून सुटलेला चेंडू कुणाला मिळेल, हे या खेळातलं जवळजवळ शुद्ध दैव आहे. त्या आकाराचा चेंडू जमिनीवर कसा उसळेल ते कुणालाच सांगता येत नाही, आणि वर्षामागून वर्ष सुटलेल्या चेंडूंची वाटणी साधारण निम्मी-निम्मी होते. तुमचा संघ त्या निम्म्याच्या बराच खाली राहिला असेल तर तेवढी भरपाई पुढच्या वर्षी धरायला हरकत नाही. चेंडू सुटला का, हा वेगळा प्रश्न, त्यात कौशल्य येतं. इंटरसेप्शनमध्येही, म्हणजे फेकलेला चेंडू प्रतिस्पर्ध्याने झेलण्यातही, येतं. तुझ्या तक्त्यात हे सगळं ‘टर्नओव्हर’, म्हणजे चेंडू गमावणं, या एकाच रकान्यात कोंबलंय, ते आधी सोडव.

ट्रान्स्फर पोर्टलबद्दल, म्हणजे खेळाडूंनी विद्यापीठ बदलण्याच्या व्यवस्थेबद्दल, थोडक्यात. २०२१पासून खेळाडू एक वर्ष बाहेर न बसता संघ बदलू शकतात, त्यामुळे आता ३-९ हा निकाल ज्या संघाचा, तो संघ जानेवारीत जागेवर असेलच असं नाही. इंडियाना २०२३मध्ये ३-९ होतं. कर्ट सिग्नेटी मुख्य कोच म्हणून आले, येताना जेम्स मॅडिसन विद्यापीठातले आपले खेळाडू घेऊन आले, आणि २०२४मध्ये संघ ११-२ झाला. अॅरिझोना स्टेटही २०२३मध्ये ३-९, पण तिथे कोच बदलला नाही. पत्रकारांनी हंगामापूर्वी त्यांना बिग ट्वेल्व्ह या विद्यापीठांच्या गटात तळाला धरलं होतं आणि तेच विजेते ठरले. एकीकडे नवा कोच, दुसरीकडे जुनाच. तेव्हा कोच राहिला की गेला यावरून भाकीत करू नकोस. फ्रॉस्टच घे. नेब्रास्कात येण्याआधी त्यांनी सेंट्रल फ्लोरिडाचा ०-१२ झालेला संघ हातात घेतला होता आणि दोन वर्षांत १३-० केला होता.

मग लिहायचं काय? प्रत्येक पराभवाची शेवटची दहा मिनिटं बघ आणि सामना जिथे निसटला ते एकच क्षेत्र लिही: दैव, दम, किकचे डाव, कोचचा निर्णय, की समोरचा सरळ सरस होता. एका सामन्याला एकच कारण, मन घट्ट करून. ‘कोचचा निर्णय’ लिहिताना हात थरथरेल. तरी लिही. शब्द सभ्य ठेव, घड्याळातली वेळ आणि स्कोअर दे, तेव्हा दुसरा पर्याय काय होता ते दे, आणि विशेषण एकही वापरू नकोस. मुख्य कोचना खुशामत करणारे पुष्कळ मिळतात. विद्यार्थिनी आहेस म्हणून तुला गप्प बसायला सांगणारेही भेटतील, त्यांचं ऐकू नकोस. तुझ्याकडे कोचनी प्रश्न पाठवलाय, त्याचं खरं उत्तर हा त्यांचा हक्क आहे.

खेळाडूंबद्दल मात्र हात राखून. ती अठरा ते बावीस वर्षांची पोरं आहेत, सकाळी व्यायाम, दुपारी वर्ग, संध्याकाळी मीटिंग. ज्याच्या हातून पंट चुकला त्याला झोपेतही तो दिसत असतो. अहवालात नाव नको, डावाचा क्रमांक पुरेल. जबाबदारी ज्याने शिकवायचं त्याची.

आणि शेवटी एक आकडा देऊ नकोस, पट्टा दे. तुमच्या संघासाठी, तू दिलेल्या माहितीवरून, मी पाच ते आठ म्हणेन. सहा विजय झाले की बोल सामन्याची, म्हणजे हंगामानंतरच्या मानाच्या सामन्याची, पात्रता मिळते, म्हणजे बोल मिळणं न मिळणं या पट्ट्याच्या आतच आहे. संघ वरच्या टोकाला जायचा असेल तर काय-काय घडावं लागेल ते खाली लिही, आणि त्यातल्या कुठल्या गोष्टी वसंतातल्या पंधरा सरावांत दिसायला लागतील ते वेगळं काढ. सराव संपले की त्याच कागदावर खुणा करता येतील.

शनिवारी सकाळी मी मोकळा आहे. तोवर आठही सामन्यांचं एकेक कारण लिहून पाठव. तक्ता नको, साध्या ओळी चालतील. नेव्हीच्या त्या सामन्यासारखा एखादा असेल, जिथे चौथ्या सत्रात तुमच्या आक्रमणाच्या हाती चेंडूच फारसा आला नाही, तर तो वेगळा काढून ठेव, त्यावर आपण फोनवर बोलू.

तुझा,
काका