डंपरच्या मागे गाडी, बॉनेटवर टवके

दसरा-दिवाळीत नवीन गाड्या घेतलेल्या वाचकांची पत्रं आता यायला लागलीत आणि त्यातली बरीचशी एकाच दुखण्याची आहेत, गाडीच्या तोंडाचा रंग. म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून हेच घेतोय.

प्रश्न (कराड): दादा, आठ महिन्यांपूर्वी लाल गाडी घेतली, पहिलीच आहे आमच्या घरातली. रोज कोल्हापूरला जाणं-येणं, हायवेचं काम चालू, त्यात उसाचा हंगाम. परवा धुताना बघितलं तर बॉनेटच्या पुढच्या कडेला आणि बंपरवर मिळून सतरा टवके मोजले, रडूच आलं. शोरूमवाले म्हणतात सिरॅमिक कोटिंग (रंगावरचा पातळ चमकदार थर) करा, भावजी म्हणतात अख्ख्या गाडीला पीपीएफ (रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म) मारा, बाबा म्हणतात गाडी रस्त्यावर चालणार म्हणजे हे होणारच. कुणाचं ऐकू?

उत्तर: ताई, रडू येणं साहजिक आहे, पहिल्या गाडीवरचा पहिला टवका मलाही अजून आठवतो. पण पैसे काढायच्या आधी एक काम करा. गाडी स्वच्छ धुवून सकाळच्या उन्हात उभी करा आणि सतरापैकी बॉनेटवर किती नि बंपरवर किती ते वेगळं मोजा. बंपर प्लॅस्टिकचा, तो गंजत नाही, तिथला टवका दिसायला वाईट पण त्यापलीकडे काही होत नाही. बॉनेट मात्र पत्र्याचं. तिथल्या प्रत्येक टवक्यात जवळून बघा, मोबाईलच्या कॅमेऱ्यात झूम करून बघितलंत तरी चालेल. आत राखाडी दिसतंय तर प्रायमर, म्हणजे रंगाखालचा थर, शाबूत आहे, थोडा वेळ आहे हातात. चकचकीत पत्रा किंवा तांबूस ठिपका दिसतोय तर तो त्याच आठवड्यात बुजवायचा, कारण गंज रंगाच्या खालून पसरतो, वर टाचणीच्या डोक्याएवढा दिसतो तेव्हा आत दुप्पट झालेला असतो.

आता सिरॅमिक. कंपनीचा रंग म्हणजे पत्र्यावर प्रायमरचे थर, मग रंग, मग वरचा पारदर्शक क्लिअर कोट, सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. आपला डोक्यावरचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे दोन केस एकावर एक ठेवले की झाली रंगाची जाडी. सिरॅमिकचा थर यावर जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा. त्याने पाणी ओघळतं, चिखल लवकर सुटतो, चमक छान राहते, गाडी धुणं सोपं होतं, हे सगळं खरं आहे, पण १०० च्या वेगात येणारी खडी त्याला जुमानत नाही. दगडापासून वाचण्यासाठी सिरॅमिक करा असं कुणी सांगितलं तर सरळ नाही म्हणा.

पीपीएफची गोष्ट वेगळी. ती जाड पारदर्शक फिल्म असते, १५० ते २०० मायक्रॉनची, म्हणजे मूळ रंगापेक्षाही जाड, आणि चांगली फिल्म टीपीयू नावाच्या लवचिक प्लॅस्टिकची असते. व्हिएतनाम युद्धात अमेरिकन हेलिकॉप्टरच्या पात्यांना वाळू-खडीचा मार बसायचा, त्यासाठी ही कल्पना निघाली, मग रेसच्या गाड्यांवर आली आणि आता आपल्या गावात. दगड बसला की फिल्म दबते, मार पसरवते, रंगापर्यंत पोचू देत नाही. बारीक ओरखडे तर उन्हात गाडी ठेवली किंवा कोमट पाणी टाकलं की आपोआप भरून येतात, हे मी स्वतः बघितलंय, चाव्यांनी ओढलेली रेघ दुपारच्या उन्हात दिसेनाशी झाली.

पण अख्ख्या गाडीला? नको. छपरावर कुठला दगड येणार? चांगल्या फिल्मचं पूर्ण गाडीचं काम लाखाच्या आसपास किंवा वर जातं, आणि त्या पैशातला मोठा भाग अशा जागी चिकटतो जिथे कधी काही आदळणारच नाही. तुम्ही फक्त तोंड झाका: पूर्ण बॉनेट, बंपर, पुढचे फेंडर, आरशांच्या पाठी, जमलं तर हेडलाइट, आणि चाकांच्या मागचा दरवाजाखालचा पट्टा जिथे आपल्याच टायरने उडवलेली खडी बसते. अर्ध्या बॉनेटची पट्टी स्वस्त पडते पण तिच्या कडेला मळाची रेघ धरते आणि लाल रंगावर ती रेघ लांबून दिसते, म्हणून बॉनेट घेतलंत तर पूर्णच घ्या.

दुकानात गेल्यावर डोळे उघडे ठेवा. पीपीएफ म्हणून टीपीयूऐवजी पीव्हीसीची फिल्म खपवणारे आहेत. माझ्या जुन्या पांढऱ्या गाडीला एका दुकानात असंच झालं, पाच वर्षांची वॉरंटी तोंडी सांगितली आणि दुसऱ्या उन्हाळ्यात बॉनेट जुन्या वर्तमानपत्रासारखं पिवळं पडलं, काढायला गेलो तर फिल्म तुकड्यातुकड्यात सुटली, गोंद तसाच राहिला, दोन रविवार गेले तो उतरवण्यात. तेव्हा रोलवरचं नाव समोर बघून घ्या, बिलावर टीपीयू असं लिहून घ्या, पिवळं पडणं वॉरंटीत आहे का ते कागदावर वाचा. आणि विचारा की फिल्म मशीनवर कापून आणणार की गाडीवर चिकटवून ब्लेडने कापणार. गाडीवर ब्लेड चालवणारा हात कितीही सराईत असो, एखादी रेघ रंगात उतरतेच.

सगळ्यात महत्त्वाचं, सतरा टवके बुजवल्याशिवाय फिल्म मारू देऊ नका. उघड्या पत्र्यावर फिल्म बसली की आतला गंज झाकून ठेवल्यासारखं होतं. आणि बॉनेट परत रंगवून घेणार असाल तर नवा रंग पूर्ण वाळायला काही आठवडे द्या, नाहीतर उद्या फिल्म काढताना रंग तिच्याबरोबर येईल.

बाबांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. टवके पूर्ण थांबत नाहीत, पण कमी नक्की होतात आणि त्याला एक रुपया लागत नाही. डंपर किंवा उसाच्या ट्रॉलीच्या टायरमधून खडा वर उडतो तेव्हा वाटतं तो आपल्यावर फेकला गेला, पण बऱ्याचदा तो नुसता हवेत उडालेला असतो आणि आपणच भरधाव जाऊन त्याला धडकतो. माराचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ८० च्या जागी १०० ने गेलात तर वेग सव्वापट पण मार दीडपटीहून जास्त. पुढचा डंपर एखादा खांब ओलांडेल तेव्हा मनात मोजायला लागा, तुम्ही त्या खांबापाशी पोचेपर्यंत पाच आकडे झाले पाहिजेत, ८० च्या वेगाला हे अंतर ११० मीटर होतं. मध्ये कुणी घुसेल, घुसू द्या, खडी त्याच्या बॉनेटवर बसेल. आणि ओव्हरटेक करायचं तर लवकर उरकून टाका, डंपरच्या मागच्या चाकाशेजारी रेंगाळू नका.

प्रश्न (रत्नागिरी): बॉनेटवर तीन टवके, एकात गंज दिसायला लागलाय. गॅरेजवाला पूर्ण बॉनेट रंगवायचं म्हणतो. घरी करता येईल का?

उत्तर: तीन टवक्यांसाठी बॉनेट रंगवू नका, कंपनीतून भट्टीत भाजून आलेला रंग गॅरेजमध्ये तसा परत होत नाही. घरी नक्की जमेल, फक्त घाई नको. तुमच्याकडे खारी हवा, तिथे उघडा पत्रा देशावरच्यापेक्षा फार लवकर गंजतो, त्यामुळे पुढचा पाऊस यायची वाट बघू नका.

रंगाचा कोड बहुतेक गाड्यांवर ड्रायव्हरच्या दरवाजाच्या खांबावर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो, त्या कोडचीच टच-अप बाटली घ्या, "पांढरा" म्हणून कुठलाही पांढरा आणू नका, पांढऱ्यातही चार पांढरे असतात. कोरडा दिवस बघा. टवक्याभोवती शॅम्पूने धुवून वाळवा, सुईच्या टोकाने गंजाची खपली आणि सुटलेल्या रंगाच्या कडा हळूच उचला, खाली स्वच्छ पत्रा लागेपर्यंत, मग गंजरोधक द्रावणाचा थेंब. ते वाळलं की आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेलकटपणा पुसा. बाटलीतला ब्रश वापरू नका, तो या कामाला फार जाडा आहे. दात कोरायची काडी घ्या, टोक प्रायमरमध्ये बुडवून टवक्याच्या मध्यभागी नुसतं टेकवा, थेंब आपोआप कडेपर्यंत पसरतो. वाळल्यावर रंग, तोही पातळ, अर्ध्या-एक तासाच्या अंतराने तीन-चार वेळा, आणि शेवटी क्लिअर कोट आजूबाजूपेक्षा किंचित उंच राहील इतका. पुढचा आठवडाभर त्यावर शॅम्पू, पॉलिश काही नको. जवळून ठिपका कळेल, दोन पावलं मागे गेलात की नाही कळणार, आणि पत्रा वाचला ही खरी कमाई.

प्रश्न (नाशिक): दसऱ्याला पूजा केली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हार बांधला. आता तिथे बारीक चरे दिसतात, स्वस्तिकाचा तांबूस डागही जात नाही. लिंबू-मिरची पण बंपरला घासते. पूजा करूच नये का?

उत्तर: काकू, पूजा करायचीच, माझ्या आईने प्रत्येक गाडीची केलीय आणि पुढेही होईल. चरे पडतात ते कोरड्या कुंकवावर कोरडं फडकं फिरवल्याने, कुंकवाबरोबर धूळही घासली जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी भरपूर पाणी ओता, शॅम्पूचा फेस पाच मिनिटं राहू द्या, मग मऊ मायक्रोफायबरने नुसतं टिपा. कुंकू तेलात कालवू नका आणि दोन-तीन दिवस बॉनेटवर ठेवू नका. स्वस्तिक काचेवर काढलं तर काहीच प्रश्न नाही. हार तारेऐवजी सुती दोऱ्याचा घ्या, गाडी चालवायच्या आधी काढा, वाऱ्याने दोरा रंगावर घासत राहतो. लिंबू-मिरची वरच्या कडेला लोंबकळत ठेवू नका, नंबरप्लेटच्या खाली आखूड बांधा. आत्ताचा डाग हलक्या पॉलिशने जाईल, खरखरीत रबिंग कंपाउंड लावू देऊ नका, त्यात क्लिअर कोट झिजतो आणि तो परत उगवत नाही.

सोसायटीत गाडी पुसायला येणाऱ्या भाऊंबद्दल चार जणांनी विचारलंय, त्यांनाही हेच. एकाच बादलीत वीस गाड्या आणि एकच फडकं असेल तर गाडीवर पॉलिश पेपर फिरवल्यासारखंच आहे. त्यांना रागावू नका, आपली दोन फडकी आणि छोटी शॅम्पूची बाटली देऊन ठेवा, आधी पाणी मारून मगच पुसायला सांगा. पाणी नसेल त्या दिवशी पुसूच नका, धूळ बसलेली गाडी चालते.

प्रश्न (पणजी): टवके टाळायला पुढे स्टीलचा गार्ड बसवला तर?

उत्तर: नको. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरोधात असल्याचं कळवलंय. पादचाऱ्याला धडक बसली तर इजा वाढते, एअरबॅगच्या कामातही अडथळा येऊ शकतो, आणि खडी गार्डच्या नळ्यांमधून येऊन बॉनेटवर बसायची ती बसतेच.

प्रश्न (सोलापूर): टवक्यांसाठी इन्शुरन्स क्लेम करू का?

उत्तर: हिशोब बघा. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे १००० रुपये खिशातून द्यावे लागतात, १५०० सीसीच्या वरच्या गाडीला २०००. शिवाय एक क्लेम झाला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, शून्यावर येतो, पाच वर्षं सांभाळलेला असेल तर तो ५० टक्के असतो. टच-अपच्या बाटलीपुढे हे महाग आहे. पत्रा चेपला असेल किंवा पूर्ण बंपर फाटला असेल तर मात्र क्लेम जरूर करा, आणि गाडी हलवायच्या आधी फोटो काढा.