व्यक्तिमत्त्व चाचणीत 'अंतर्मुख' आलं? जरा दमानं घे

स्वतःचं कोडं सुटल्यासारखं वाटतंय ना? मलाही वाटलं होतं. आनंद घे, पण एक लक्षात ठेव. १९४८ मध्ये बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञाने वर्गातल्या सगळ्या विद्यार्थ्यांना स्वभावाचं एकच वर्णन 'खास तुझं' म्हणून दिलं. वर्णन किती जुळतं यासाठी विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले! म्हणजे सगळ्यांना लागू पडेल असं वर्णनही आपलंच वाटतं.

सुरुवातीच्या चुका दोनच:

- 'मी अशीच आहे' ही सबब करणं. या नावाखाली मी दोन वर्षं लोकांचे फोन टाळले; खरं कारण निव्वळ आळस.
- दुसऱ्यावर शिक्का मारणं. त्यापेक्षा सरळ विचार, "गर्दीत थकायला होतं का?"

बहुतेक माणसं अंतर्मुख आणि बहिर्मुख या दोन टोकांच्या मध्येच कुठेतरी असतात. काही चाचण्या माणसांचे सोळा प्रकार पाडतात, ती भानगड नंतर बघू.