तलवार कुणाची आहे ते आधी ठरव

अरे,

तुझ्या कादंबरीची फाइल परवा रात्री जेवण झाल्यावर उघडली आणि दीडला बंद केली, त्यामुळे पहिली गोष्ट ही की वाचवतंय, उगाच टेन्शन घेऊ नकोस. ते दलदलीतलं शहर तर मस्तच जमलंय, पायाला चिखल लागल्यासारखं वाटत होतं मला. माझं भांडण आहे ते फक्त तुझ्या त्या कालदंष्ट्रेशी.

१४० पानांत ती तलवार अकरा वेळा म्यानातून बाहेर येते (हो, मोजलं मी), आणि अकराही वेळा तेच, निळा उजेड, गडगडाट, समोरचे सगळे आडवे. चौथ्या वेळेपासून मी पानं भराभर खाली सरकवत होते, खोटं कशाला बोलू. आणि वर तू मेलमध्ये विचारतोस की ताई, तिची पॉवर कमी पडतेय का, अजून वाढवू का. नको रे बाबा! पॉवर भरपूर आहे. मला एवढंच सांग की ती तलवार आहे कुणाची? म्हणजे तुझ्या हिरोच्या हातात यायच्या आधी कुणाची होती, आणि तिला परत कुणाकडे जायचंय?

हे मी का विचारतेय ते सांगते. आमच्या घरी एक पुरणयंत्र होतं, त्यावर भलत्याच बाईंचं नाव कोरलेलं होतं. माझ्या लहानपणापासून ते आमच्याकडेच, दर होळीला निघायचं, आणि दर होळीला आई म्हणायची की अगं हे परत द्यायचं राहिलंय. त्या बाई तोवर बदली होऊन कुठल्या गावी गेल्या होत्या कुणास ठाऊक. पण ते नाव तिथे असल्यामुळे ते यंत्र कधी पूर्ण आमचं झालंच नाही. जादूचं शस्त्र मला नेहमी तसं वाटतं, दुसऱ्याचं नाव घातलेलं भांडं.

गांडीव घे ना. आपल्याला वाटतं अर्जुनाचं धनुष्य. पण विराटपर्वात तो अज्ञातवासात बृहन्नडा होऊन विराटाच्या मुलाला, उत्तराला, शमीच्या झाडावरची शस्त्रं काढायला लावतो, तिथे उत्तर विचारतो की ही कुणाची, आणि अर्जुन जे सांगतो ना ते लायब्ररीच्या पुस्तकामागच्या कार्डासारखं आहे अगदी. ब्रह्मदेवाकडे १००० वर्षं, मग प्रजापतीकडे ५०३, इंद्राकडे ८५, सोमाकडे ५००, वरुणाकडे १००, आणि पार्थाकडे ६५. म्हणजे पार्थ यादीत सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी वर्षांचा! एवढा मोठा वीर, पण कार्डावर शेवटची ओळ. तुझ्या कालदंष्ट्रेला अशी यादी आहे का? पूर्ण छापू नकोस, पण तुझ्याकडे वहीत असू दे.

(त्या शमीचा सीन पुन्हा वाचच. पांडव नुसती शस्त्रं लपवत नाहीत, झाडाला एक प्रेत बांधून ठेवतात म्हणजे वासाने कुणी जवळ येणार नाही, आणि वाटेतल्या गुराख्यांना सांगतात की ही आमची १८० वर्षांची आई, आमच्या कुळाची रीतच आहे अशी. दसऱ्याला शमीचं आणि आपट्याचं एवढं करतो आपण, पण हा भाग कुणी सांगत नाही पोरांना. तुझ्या हिरोला वर्षभर तलवारीशिवाय राहावं लागलं तर तो काय करेल, ती कुठे लपवेल, कुणाशी काय खोटं बोलेल? मला ती पानं वाचायला आवडतील, बाराव्या गडगडाटापेक्षा नक्कीच.)

आता गंमत बघ, जी वस्तू आपली नाही तिच्याबद्दल माणूस किती हळवा होतो. अर्जुनाची प्रतिज्ञा होती की गांडीव दुसऱ्याला दे असं जो मला म्हणेल त्याचं डोकं उडवीन. आणि म्हणतं कोण, तर कर्णाकडून मार खाऊन छावणीत पडलेला युधिष्ठिर, चिडून, की तुला जमत नसेल तर ते गांडीव कृष्णाला देऊन टाक. झालं, युद्ध बाजूला राहिलं आणि हा सख्ख्या मोठ्या भावावर तलवार उपसून उभा. शेवटी कृष्ण तोड काढतो की मोठ्या माणसाला अरेतुरे केलं की तो मेल्यासारखाच, तर तू त्याला 'तू' म्हण, झाली प्रतिज्ञा पूर्ण. मग अर्जुन धर्मराजाला यथेच्छ घालूनपाडून बोलतो, आणि बोलून झाल्यावर इतकं वाईट वाटतं त्याला की स्वतःलाच मारायला निघतो, तर कृष्ण म्हणतो आता स्वतःची स्तुती कर, ती आत्महत्येसारखीच. ह्या सगळ्या प्रकरणात गांडिवातून एकही बाण सुटत नाही हं! आणि तरी त्या शस्त्राचं वजन मला तिथे जेवढं कळलं तेवढं कुठल्याच लढाईत कळलं नाही.

आणि मग मौसलपर्व. युद्धाला ३६ वर्षं झालीयेत, कृष्ण गेलाय, अर्जुन द्वारकेतल्या बायका-मुलांना घेऊन निघालाय आणि पंचनद प्रदेशात आभीर लोक नुसत्या काठ्या घेऊन चाल करून येतात. काठ्या! हा गांडिवाला दोरी चढवायला जातो तर तीच मुश्किलीने चढते, अस्त्रं आठवत नाहीत, आणि ज्या भात्यांतले बाण कधी संपायचे नाहीत ते संपतात. मग तो धनुष्याच्या टोकाने मारत सुटतो, कुणी काठीने मारावं तसा. बायकांना ओढून नेतात त्याच्या डोळ्यांसमोर. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कॉलेजात होते आणि पुस्तक मिटून ठेवलं होतं, पुढे वाचवेना. व्यास नंतर त्याला सांगतात की अस्त्रांचं काम झालं, ती आली होती तशी गेली. बस, एवढंच, धनुष्य बिघडलं वगैरे काही नाही.

तरी हा सोडतो का? नाही. महाप्रस्थानाला निघालेत, राज्य सोडलं, वल्कलं नेसली, आणि ह्याच्या खांद्यावर गांडीव आहेच. का, तर महाभारतातला मूळ शब्द आहे 'रत्नलोभ'. शेवटी लौहित्य समुद्राशी अग्नी वाट अडवून उभा राहतो आणि स्पष्ट मागतो, की खांडववन जाळायच्या वेळी तुझ्यासाठी हे मीच वरुणाकडून आणलं होतं, आता त्याचं त्याला दे. भाऊ सांगतात तेव्हा कुठे तो धनुष्य आणि दोन्ही भाते पाण्यात टाकतो.

तिकडे आर्थर राजाच्या गोष्टीतही शेवट पाण्यातच आहे, आणि लोभही तोच. ती गोष्ट सांगणारं मॅलरीचं पुस्तक १४८५ मध्ये छापलं गेलं, त्यात मरणाला टेकलेला आर्थर आपल्या सरदाराला, बेडिव्हिअरला, सांगतो की माझी तलवार एक्सकॅलिबर तळ्यात टाकून ये. मुठीवरची रत्नं बघून त्याचा हात धजावत नाही, तो तलवार झाडाखाली लपवतो आणि येऊन सांगतो टाकली म्हणून. काय दिसलं? लाटा आणि वारा. आर्थरला लगेच कळतं हा खोटं बोलतोय. दोनदा असं होतं, तिसऱ्यांदा तो खरंच फेकतो तेव्हा पाण्यातून एक हात वर येतो, तलवार झेलतो, तीनदा फिरवतो आणि खाली जातो. नंतर कवी टेनिसनने तर त्या पात्यावर चक्क मजकूरच घातला, एका बाजूला 'मला घे' आणि दुसऱ्या बाजूला 'मला फेकून दे'. आमच्या पुरणयंत्रावरच्या नावासारखंच झालं हे, फक्त जरा भारदस्त.

तर तुझ्याकडे येऊ. पान ३८ वर तुझ्या हिरोला तलवार देणारी ती दलदलीतली म्हातारी आहे, जी तुला फक्त तलवार पोचवायला हवी होती आणि मग तू तिला विसरलास. ती मला हवीये परत. तिने तलवार दिली तेव्हा काय मागितलं? काहीच नाही असं तू लिहिलंयस, पण असं काही नसतं रे, 'सावकाश द्या' म्हणणारी माणसंच पक्की लक्षात ठेवतात. आणि अकरातले आठ प्रसंग काढ. कुठले ते तू ठरव, मात्र तो नदीवरचा ठेव, कारण तिथे धाकटी बहीण तलवारीकडे बघते ते एक वाक्य फार चांगलं पडलंय, आणि माझा संशय आहे की तलवार परत द्यायची वेळ येईल तेव्हा झाडाखाली लपवून खोटं बोलणारी तीच असेल.

आधी शेवटचं प्रकरण लिही. कच्चं चालेल, टायपिंगच्या चुका असल्या तरी चालतील. म्हातारी दारात येऊन उभी आहे, तुझा हिरो पन्नाशीचा झालाय, गुडघे दुखतायत, तलवार भिंतीवर आहे. ती आत येते, पाणी मागते. तिथून पुढे तू लिही आणि मला पाठव, बाकीची १४० पानं मग बघू.

तुझी,
ताई